कोनाची बैठक : किटमधून रेझोनेटर गिटार जोडताना

"मामा, स्पायडर घेऊ का बिस्किट?"

भाच्याचा पुण्याहून फोन. किट परदेशातून मागवायचं होतं आणि ते जोडायचं कुणी, हे त्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एकतीस वर्षं पॅटर्नमेकर होतो. फौंड्रीत वाळूचा साचा ज्यावरून उठवतात तो लाकडी नमुना करायचा, हे माझं काम. गिटार कधी केली नव्हती, पण गिटार घरात होती. आमचे काका तालमीच्या गणपतीत ऑर्केस्ट्राबरोबर हवाईयन गिटार वाजवायचे. मांडीवर आडवी घ्यायची आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. त्यामुळं भाच्याला मी म्हटलं, दोन दिवस दे, सांगतो. त्या दोन दिवसांत जे वाचलं आणि पुढच्या चार महिन्यांत जे हाताला कळलं, ते इथं लिहितोय. तुमच्यापैकी कुणी असं किट घेणार असेल तर माझ्यासारखा एक कोन वाया घालवू नये, एवढ्यासाठी.

साध्या गिटारीत तारांची थरथर, त्या जिच्यावर टेकतात त्या घोडीतून, वरच्या लाकडी फळीत जाते आणि ती फळी बोलते. रेझोनेटर गिटारीत फळी जवळजवळ गप्प असते. घोडी बसते ॲल्युमिनियमच्या पातळ कोनावर आणि आवाज तो कोन काढतो, स्पीकरमधल्या कागदी कोनासारखा. विजेचे ॲम्प्लिफायर यायच्या आधी बँडमध्ये गिटार ऐकूच यायची नाही, त्यावरचा हा उपाय. १९२० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचम नावाच्या वादकाला मोठ्या आवाजाची गिटार हवी होती, ती जॉन डोपिएरा ह्या स्लोव्हाक कारागिरानं करून दिली. आधी सहा-सहा इंचांचे तीन कोन असलेली. ती विकायला नॅशनल नावाची कंपनी निघाली, आणि मग तिनं एकच साडेनऊ इंचांचा कोन असलेलीही काढली. ह्या एका कोनाच्या डोक्यावर लाकडाची गोल चकती असते, तिला बिस्किट म्हणतात. पुढं डोपिएरा त्या नॅशनल कंपनीतून बाहेर पडला आणि भावांबरोबर त्यानं डोब्रो ही कंपनी काढली. डोपिएरा ब्रदर्सचं ते डोब्रो, आणि स्लोव्हाक भाषेत डोब्रो म्हणजे चांगलं. डोब्रोत साडेदहा इंचांचा कोन वाटीसारखा वर तोंड करून बसतो आणि त्याच्या काठावर आठ पायांचा कोळी, म्हणजे स्पायडर, उभा राहतो.

मी भाच्याला बिस्किट घ्यायला सांगितलं. स्पायडरचे आठ पाय कोनाच्या काठावर सारखे टेकले पाहिजेत आणि शिवाय कोनाचा काठ लाकडावर टेकला पाहिजे. बिस्किटात एकच वर्तुळ जमवायचं असतं. पहिल्याच गिटारीला एक बैठक जमली तरी पुष्कळ झालं.

बैठक हाच शब्द मी सगळीकडं वापरणार आहे, कारण ह्या वाद्यात तेवढीच एक गोष्ट आहे. आमच्या कामात कोअर म्हणून प्रकार असतो. ओतकामात जिथं पोकळी हवी तिथं साच्यात वाळूचा गाभा ठेवतात. तो ज्या खोबणीत बसतो ती जर एका बाजूला अर्धा मिलिमीटर मोकळी राहिली, तर गाभा सरकतो आणि अख्खं कास्टिंग भंगारात जातं. बाहेरून साचा कितीही सुबक दिसू दे. रेझोनेटरचंही तसंच. कोन खिळ्यानं, स्क्रूनं किंवा गोंदानं बसवत नाहीत. बॉडीच्या आत लाकडाचं एक गोल कडं असतं, त्याला आत पायरी असते, त्या पायरीवर कोन नुसता ठेवायचा. वरून तारांचा दाब येतो, तोच त्याला धरून ठेवतो. पायरी सपाट असेल तर गिटार बोलेल. नसेल तर भणभणेल, आणि मग कितीही महागाच्या तारा लावा.

किट आलं ऐन आषाढात. बाहेर पंचगंगा पात्राबाहेर पडायच्या बेतात, भिंतींना ओल. मी खोकं उघडलं, सामान मोजलं आणि लाकूड पुन्हा पिशवीत न घालता आतल्या खोलीत कपाटावर मोकळं ठेवून दिलं. दुसऱ्या हवेतून आलेलं लाकूड लगेच कापू-घासू नये. निदान दोन-तीन आठवडे त्याला आपली हवा लागू द्यावी. पॉलिशला तर मी थेट नवरात्रापर्यंत हात लावला नाही. त्याचं कारण पुढं येईल.

खोक्यात काय असतं ते थोडक्यात. जोडलेली लाकडी बॉडी, धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे पडदे बसवलेली नेक, नेकच्या टाचेतून निघून बॉडीच्या आत शेपटीपर्यंत जाणारा चौकोनी दांडा, कोन, बिस्किट आणि त्यातली घोडीची पट्टी, वरचं नक्षीदार झाकण, तारांची टोकं शेपटीकडं धरणारा टेलपीस, खुंट्या, स्क्रू. कोन आधी बाजूला काढा आणि स्टीलच्या डब्यात ठेवा. हा पत्रा इतका मऊ आहे की नखानं खळगा पडतो. डोक्याला धरून उचलू नका, दोन्ही तळव्यांनी काठाला धरून उचला.

आधी कोनच तपासा. मी उद्यमनगरातल्या एका मित्राच्या सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, ठेवून पाहिला. तुमच्याकडं सरफेस प्लेट नसणार, टीपॉयची जाड काच चालते. काठ खाली, डोकं वर. काठावर बोटाच्या टोकानं फिरत फिरत अगदी हलकं दाबा. कुठं टकटक झालं तर तिथं तो उचललेला आहे. खोलीत अंधार करून एका बाजूनं बॅटरी लावली की फट असेल तिथून उजेड दिसतो. थोडासा वाकलेला काठ अंगठ्यानं हळूच सरळ होतो. मोठा बाक असेल तर कोन परत पाठवा, ठोकाठोकी करू नका.

आता पायरी. ह्या एका कामाला मी चार दिवस दिले. बॉडी कारखान्यातून जोडून आलेली असली तरी पायरीवर गोंदाचे थेंब वाळलेले होते आणि प्लायवूडचा एक सांधा जरा उंच होता. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही. कोनाच्या काठाला खालून मार्किंग ब्लूचा, म्हणजे उंचवटे दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा, अगदी पातळ हात द्या, ब्लू नसेल तर लिपस्टिक लावा. कोन पायरीवर ठेवा, चिमूटभर फिरवा, सरळ वर उचला. जिथं रंग लागला ती उंच जागा. माझ्या पायरीवर पहिल्यांदा तीनच ठिकाणी रंग लागला. म्हणजे तो कोन तीन पायांच्या स्टुलासारखा उभा होता.

घासायला टिंबर मार्केटातून अठरा मिलिमीटर प्लायचा तुकडा आणला आणि त्याची २४० मिलिमीटर व्यासाची चकती करून घेतली. कोन साडेनऊ इंच म्हणजे २४१ मिलिमीटर, त्यामुळं चकती कड्यात सहज फिरते. तिच्या खालच्या बाजूला, फक्त कडेला, १८० नंबरचा पॉलिश पेपर गोल कापून चिकटवला. वरून दोन्ही हातांनी सारखा दाब देऊन पाव-पाव फेरा मागं-पुढं करायचं. दहा-बारा वेळा फिरवलं की थांबा, भुसा झटका, पुन्हा ब्लू लावून बघा. रंग सगळ्या वर्तुळावर सलग उमटेपर्यंत हेच. घाई करून एका बाजूला जोर दिलात तर पायरी तिरकी होईल आणि उंच भाग घालवण्याऐवजी नवा खड्डा पडेल. फार खोलही जाऊ नका. पायरी खाली गेली की कोन खाली जातो, कोनाबरोबर घोडी खाली जाते. एखादी जागा फारच खोल असेल तर बाकी सगळं घासून तिच्यापर्यंत नेण्यापेक्षा तिथं कागदासारखी पातळ लाकडी पट्टी फेव्हिकॉलनं चिकटवून ती घासावी. कोन कड्यात आपल्या वजनानं पडला पाहिजे, दाबून बसवायला लागू नये. भिंतीला घासत असेल तर भिंत थोडी पोखरा. शेवटी पायरीला चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, एकच पातळ हात द्या आणि वाळल्यावर ३२० नंबरनं हलकं पुसून घ्या. कोल्हापूरच्या पावसात उघडं प्लाय फुगतं. तसं झालं तर चार दिवसांची मेहनत एका आषाढात जाईल.

पॉलिशच्या आधी गिटार एकदा पूर्ण कोरडी जोडून बघा, गोंदाशिवाय. हे पुष्कळ लोक टाळतात. नेक बसवा, टेलपीस तात्पुरता लावा, नटच्या, म्हणजे नेकच्या डोक्याशी असलेल्या खाचांच्या पट्टीच्या, दोन टोकांच्या खाचांतून टेलपीसपर्यंत दोन दोरे ताणा. दोन्ही दोरे पडद्यांच्या पाटीच्या कडांपासून सारख्या अंतरावर हवेत आणि बिस्किटाच्या मधोमध जायला हवेत. मग एक सरळ स्टीलपट्टी पडद्यांवर ठेवून घोडीपर्यंत न्या. आता हिशोब बघा. बाराव्या पडद्यावर तार जेवढी उंच हवी, त्याच्या दुप्पट घोडीचं टोक त्या पट्टीच्या रेषेच्या वर हवं. कांडीनं वाजवायला बाराव्यावर तीन मिलिमीटर चांगले, म्हणजे घोडी रेषेच्या सहा मिलिमीटर वर. माझी भरत होती नऊ. मग आतल्या दांड्याखाली शेपटीच्या बाजूला पाचर घातली. दांड्याची शेपटी उचलली की नेकचं डोकं मागं झुकतं आणि घोडीपाशी रेषा वर येते. माझ्या गिटारीत एक मिलिमीटर पाचरीनं रेषा साधारण दोन तृतीयांश मिलिमीटर चढली. साडेचार मिलिमीटरची सागाची पाचर लागली. सागाचे तुकडे पॅटर्नमेकरच्या घरात कधी संपत नाहीत.

घोडी पाडूनही तारा खाली आणता आल्या असत्या, पण तीही फार पाडून चालत नाही. झाकणाला हात टेकायला जी कमान असते तिच्या खालून तारा जातात. घोडी कमानीला टेकली तर आवाज मेला, आणि फार खाली गेली तर तारांना टेलपीसकडं उतारच राहत नाही.

उतार. इथं माझा पहिला कोन गेला. भाच्याला मांडीवर वाजवायला तारा उंच हव्या होत्या, म्हणून मी घोडीची पट्टी चांगली उंच ठेवली. तार घोडीवरून टेलपीसकडं जेवढी जास्त वाकते, तेवढा कोनावरचा दाब वाढतो. तारा सुरात आणताना चौथ्या तारेला एक 'टक्' ऐकू आलं. झाकण काढून बघितलं तर बिस्किटाच्या भोवती कोनाचं डोकं खाली बसलेलं. पिचकलेला कोन सरळ होत नाही, दुसराच मागवावा लागला, त्यात सहा आठवडे गेले. तेव्हा बाजूनं बघा. घोडीवर तार वाकलेली स्पष्ट दिसायला हवी, पण थोडीच. वाकण फार वाटलं तर घोडी उतरवा किंवा टेलपीसच्या मागच्या टोकाखाली काही घालून ते उचला. मी चप्पल ओळीतून कोल्हापुरी चपलेच्या तळाचा चामड्याचा तुकडा आणला. त्यानं टेलपीस उचलला गेला आणि त्याची खडखडही बंद झाली, दोन्ही कामं एकात.

घोडीच्या खाचांबद्दल मला मिरजेत शहाणपण मिळालं. मिरज आपल्यापासून तासाभरावर. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. एका सतारमेकरांच्या दुकानात बसून मी जवारी काढताना बघितली. सतारीची घोडी रुंद असते आणि तिचा माथा असा घासतात की तार पृष्ठभागाला हळूच चाटत जाते, त्यातून तो गुंजणारा नाद येतो. त्यांनी माझी घोडी हातात घेतली, खाचेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "तुम्ही नकळत जवारी काढलीय." खरं होतं. मी खाचा सपाट कापल्या होत्या. रेझोनेटरला जवारी नको. तार एकाच धारेवर टेकली पाहिजे, म्हणून खाच टेलपीसकडं उतरती कापा. जाड तारेची निम्मी जाडीच आत बसू द्या, बाकीची वर राहू द्या. बारीक कानस नसेल तर जुन्या गुंडाळीच्या तारेचा तुकडाच कानशीसारखा चालतो.

बिस्किट कोनाला खालून एका छोट्या स्क्रूनं लागतं. बिस्किट फिरायचं थांबलं की तुम्हीही थांबा, ॲल्युमिनियमवर जोर नको. नटपासून बारावा पडदा साडेबारा इंचांवर असेल तर बाराव्यापासून घोडीही साडेबारा, पण जाड तारांच्या बाजूला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मागं. त्यासाठी बिस्किट किंचित तिरकं फिरवायचं, एवढंच.

झाकण लावण्याआधी घरातल्या कणकेच्या हरभऱ्याएवढ्या चार गोळ्या करा. दोन घोडीच्या टोकांवर, दोन कोनाच्या उतारावर. झाकण ठेवून दाबा, उचला, गोळ्या किती चेपल्या ते बघा. साच्यात धातूची जाडी किती येणार हे आम्ही फौंड्रीत मातीच्या गोळीनं असंच बघतो. घोडीवर दोन मिलिमीटरपेक्षा कमी जाडी राहिली तर जागा अपुरी आहे. कणीक लगेच पुसून काढा, तशीच राहिली तर मुंग्या लागतील. झाकणाच्या स्क्रूंना आधी बारीक भोकं पाडून घ्या आणि स्क्रूला साबण लावा, नाहीतर लाकूड चिरतं किंवा स्क्रूचं डोकं तुटतं.

मग सगळं पुन्हा उलगडून पॉलिश. १२०, १८०, २२०, ३२० असे पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच. त्यावर चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून मलमलच्या बोळ्यानं पातळ हात. पावसाळ्यात चपडा लावलात तर हवेतली ओल त्यात अडकते आणि पॉलिश पांढुरकं पडतं. म्हणून मी नवरात्राची वाट बघितली. घटस्थापनेला पहिला हात दिला, दसऱ्यापर्यंत रोज दोन. नेकच्या पाठीला दोनच हात पुरतात, तिथं हात सरकायला हवा.

तारा जरा जाड घ्या. पहिली १६ थाऊ, सहावी ५६ थाऊ, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. कांडीनं वाजवताना पातळ तार खाली दबते आणि सूर हलतो. सूर असे : सहाव्या तारेपासून सा प सा ग प सा, सा म्हणजे पांढरी दोन. किंवा प सा प सा ग प, सा म्हणजे पांढरी पाच. दुसरा प्रकार भाच्याला आवडतो, अमेरिकेतले ब्लूजवाले तो वापरतात. मला पहिला, कारण त्यात सर्वांत जाड तारेवरच षड्ज मिळतो. ब्रिजभूषण काब्रांनी गिटारीवर राग वाजवले, विश्वमोहन भट्टांना गिटारीवरूनच घडवलेल्या मोहनवीणेवर वाजवलेल्या अल्बमसाठी १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं, त्या वाटेवर जायचं असेल तर मुक्त तारांत सा आणि प हवेतच.

तारा एकदम ताणू नका. सगळ्या अर्ध्या सुरात आणा, दहा मिनिटं थांबा, मग पूर्ण. कोन पायरीवर बसताना बारीक कुरकुर ऐकू येते, ती चालते. 'टक्' आलं तर लगेच सोडा.

भणभण आली तर घाबरू नका, शोधा. एक तार छेडत राहा आणि दुसऱ्या हातानं एकेक गोष्ट दाबत चला. खुंट्यांच्या चकत्या, झाकणाचे स्क्रू, टेलपीस, तारेचं मोकळं टोक. दाबल्यावर आवाज थांबला की चोर सापडला. माझ्या गिटारीत तिसऱ्या तारेच्या फक्त एका सुराला भणभण यायची, दाबून कशानंच थांबेना. शेवटी कोन उचलला. पायरीवर लाकडाचा एक तुसा होता, तांदळाच्या कणीएवढा. पुसला, कोन ठेवला, सूर साफ. आणि पुढं कधी तारा बदलाल तेव्हा एकेक बदला. सगळ्या एकदम काढल्या की कोनावरचा दाब जातो, तो सरकतो, आणि जमलेली बैठक पुन्हा जमवावी लागते.

पहिले पंधरा दिवस सूर रोज उतरतो. तारा नव्या असतात आणि कोनही अजून बसत असतो. रोज वाजवा, रोज मिळवा. माझ्या कोनाचा आवाज दिवाळीपर्यंत बराच मोकळा झाला.

पाडव्याला गिटार काकांकडं नेली. ते आता ऐंशीच्या पुढं आहेत, डाव्या कानानं कमी ऐकू येतं. मांडीवर घेतली, कपाटातून जुनी कांडी मागवली, एकदाच सगळ्या तारांवरून हात फिरवला.

"पाचवी उतरलीय रं," म्हणाले.

उतरली होती. मी खुंटी थोडी पिळली आणि गिटार पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवली.